एकटीच आहेस ना?

दळण घेऊन मी एकटी जायचे. आमच्या उत्रोलीतल्या गिरणीचा पट्टा सारखा तुटायचा, आणि तुटला नाही तर वीज जायची, म्हणून सायकलच्या कॅरियरला डबा बांधून भोरच्या गिरणीत जाणं हे माझं ठरलेलं काम. कॉलेजला एकटी जायचे. भाताच्या खाचरावर माणसं लावलेली असली की न्याहारीची पाटी डोक्यावर घेऊन बांधाबांधानं एकटी जायचे. म्हैस दावं तोडून गेली की दिवस मावळताना ओढ्यापलीकडच्या करवंदीत तिला हाका मारत एकटी फिरायचे, आणि साप, विंचू, वाटेवरचे टवाळ यांच्यापैकी कुणाचीही आठवण तेव्हा आमच्या घरात कुणाला व्हायची नाही. पण भोरला देवळात गाण्याचा उत्सव आहे, सकाळच्या बैठकीला मी जाते, असं म्हटलं तेव्हा आईनं परातीतला पिठाचा हात तसाच उचलून कमरेवर ठेवला आणि विचारलं, "कुणाबरबर?"

"कुणाबरोबर नाही. एकटी."

"मंग न्हाई."

एवढंच. पुन्हा थापटणं सुरू. आई वेल्ह्याची. डोंगरातली माणसं शब्द जपून वापरतात, आणि आईचा "न्हाई" तर असा होता की त्याला दार नव्हतं, खिडकी नव्हती. मी तरी चुलीपुढं बसून राहिले. आमच्याकडं तांदळाची भाकरी रोज. उकळत्या पाण्यात उकड काढलेली, मऊ, पांढरी, तव्यावर टाकली की वास साऱ्या घरात फिरायचा. त्या दिवशी त्या वासाचाही मला राग आला. लोक म्हणतात मला राग लवकर येतो. खोटं आहे. मला राग फार उशिरा येतो. मात्र आला की सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा मुक्काम ठोकतो, हलत नाही. तो त्या दिवशी आला तो अजून पूर्ण गेलेला नाही, आणि आता माझे गुडघे कुरकुरायला लागलेत.

त्या गाण्याचं काय होतं ते सांगायला हवं. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रेडिओ दिवळीत असायचा. त्याला आईनं भरतकामाचा झगा शिवला होता, आणि रेडिओला हात लावायचा मान फक्त आप्पांचा. आठवड्यातून एका सकाळी त्यावर एका बाईंचं गाणं लागायचं. बहुतेक केंद्राकडं त्यांचं तेवढंच असावं, कारण पुन्हा पुन्हा तेच लागायचं. मी ओसरीवर शेणगोळा घेऊन सारवत असायचे. बाई सुरुवात इतकी संथ करायच्या की माझा हातही त्यांच्याबरोबर संथ व्हायचा आणि ओसरीचा एक कोपरा नुसता गुळगुळीत होत राहायचा. मग तबला जागा व्हायचा. बाईंचा आवाज पायरी पायरी वर चढायला लागायचा. आता काहीतरी होणार, आता दार उघडणार, असं वाटून मी श्वास धरायचे, आणि बरोबर तिथं आप्पा रेडिओचा कान पिळायचे. बाजारभाव. इंद्रायणी तांदूळ अमुक, कांदा तमुक. वर्षानुवर्षं. त्या गाण्याला पुढं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. एकदा धीर करून म्हटलं, "आप्पा, थोडं राहू द्या की." आप्पा म्हणाले, "कांद्याचं भाव त्या बाईला ठाव असतील तर ऱ्हाऊ देतो." आप्पा वाईट माणूस नव्हते. विनोदी होते. आणि राग येतो तेव्हा समोरचा माणूस विनोदी असणं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

तर त्याच बाई भोरला येणार होत्या. कॉलेजच्या फाटकावर कागद चिकटवला होता, मी तो उभी राहून वाचला आणि सायकल लावायची विसरले, ती पडली. मला उत्सव नको होता, गर्दी नको होती, नवी साडीसुद्धा नको होती. मला फक्त ते गाणं शेवटपर्यंत ऐकायचं होतं. बसून. हातात काही काम नसताना.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, हे फार गमतीचं वाटलं. दादा त्याच महिन्यात वरव्याला ऑर्केस्ट्रा बघायला गेला होता. गेला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आला, डोळे लाल, अंगाला धुरळा. त्याला कुणी "कुणाबरोबर" म्हणून विचारलं नाही. आईनं त्याची भाकरी टोपल्यात फडक्याखाली झाकून ठेवली होती आणि वर "दमला आसंल" असं माझ्याकडं बघून म्हणाली, जणू मीच त्याला दमवलं होतं. तोच दादा मला म्हणाला, "नंदे, तुला त्यातलं कळतं तरी का काय? का गाणारीन व्हायचंय? आमच्या म्हशी पळून जातील."

"म्हशीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," मी म्हणाले.

"तिला घिऊन जा मंग. मंग येकटी म्हणणार न्हाई कोण तुला."

आई हसली. आप्पा हसले. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून धुतलेला पंजाबी ड्रेस घातला, डब्यात तांदूळ भरले आणि मोठ्यानं म्हणाले, "दळण टाकून येते." आई आतून म्हणाली, "जा. बारीक दळायला सांग." दळणाला कुणाबरोबर जायचं असतं? आठवड्याचं दळण मी आदल्या दिवशीच आणलं होतं गिरणीतून, हे माझ्या आईच्या लक्षात आलं नसेल असं मला त्या वेळी वाटलं. ते पुढं येईलच.

गिरणीवाल्याला डबा दिला, "मागनं येते" म्हटलं आणि सायकल तिथंच ठेवून देवळाकडं गेले. मी इतक्या लवकर पोचले होते की अंगणात सतरंज्या अजून अंथरत होते. बायकांची बाजू डावीकडं, पुरुषांची उजवीकडं, मध्ये दोरी. मी डावीकडं अगदी पुढं, मंचासमोर बसले. मांडी घातली, ओढणी नीट केली. आत कुणीतरी तंबोरा जुळवत होतं. मला वाटलं, झालं, आता मला कोण उठवतंय.

मला एका जरीकाठाच्या साडीतल्या बाईंनी उठवलं. त्यांच्या हातात पिशव्या, पाठीमागं सून, सुनेच्या कडेवर तान्ही मुलगी. बाई फार गोड बोलल्या. तो गोडवा मला अजून आठवतो. "एकटीच आहेस ना बाळ? मग जरा मागे सरक हं. आमची बरीच मंडळी यायचीत." आणि त्यांनी दोन पिशव्या, एक शाल, एक छत्री असं अंतराअंतरावर मांडून निम्मी सतरंजी धरली. मी सरकले. "हो" म्हणून सरकले. घरात वाघीण म्हणवणारी मी. मागच्या ओळीत बसले तर तिथं दुसऱ्या बाई म्हणाल्या, "इथं आमच्या जाऊबाई बसणारेत, तू एकटीच ना?" त्याच्या मागं कुणाच्या मावशी. "एकटीच आहेस ना" हे जणू माझं नाव असावं तसं मला ते सगळीकडून ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी मी एक ओळ मागं जात होते. शेवटी खांबामागं पोचले. तिथून मंच दिसत नव्हता, चपलांचा ढीग मात्र स्वच्छ दिसत होता. पुरुषांच्या बाजूला पहिल्या ओळीत एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून एकटेच बसले होते. ते कुणाबरोबर आले होते हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या आजूबाजूला दोन माणसं मावतील एवढी जागा मोकळी होती.

मग कामं सुरू झाली. जरीच्या बाईंची सून माझ्याजवळ आली. तिचाही चेहरा दमलेला होता, तिचा मला राग आला नाही. "ताई, सासूबाई म्हणाल्या तुम्ही एकट्याच आहात, जरा हिला घेता? मला आत प्रसादाच्या वाट्या भरायला बोलावलंय." मुलगी माझ्या मांडीत. मग मावशींच्या शेजारणीनं पिशवी ठेवली: "लक्ष ठेव गं, एकटीच आहेस ना." मग छातीला बिल्ला लावलेले एक कार्यकर्ते आले आणि चहाच्या कपांचा ट्रे माझ्यापुढं करून म्हणाले, "ए मुली, एकटीच बसलीयेस ना नुसती, जरा बायकांत फिरव." मी तान्ही मुलगी खांद्यावर टाकून चहा फिरवला. खरंच फिरवला. जरीच्या बाईंनी कप घेतला आणि म्हणाल्या, "गोड कमी आहे." मला चहा मिळाला नाही, संपला होता.

इथं थांबून एक सांगते. परवा माझी लेक वेल्ह्याकडं धरणाच्या काठी तंबू ठोकून गाणंबजावणं असतं तिथं गेली. त्या तालुक्याचं नाव आता बदललंय, आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे. मी फोन केला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय यावा? "कुणाबरोबर गेलीस?" ती म्हणाली, "आई, लोकेशन पाठवलंय. त्याच्याबरोबर आलेय असं समज." मी फोन ठेवला आणि स्वतःवर इतकी चिडले की कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. भात लगदा झाला. आम्ही तो खाल्ला.

तर देवळात. रेडिओवरच्या बाई आल्या. दिसायला अगदी साध्या, आपल्या शाळेतल्या बाईंसारख्या, आणि त्यांना सर्दी झाली होती. रुमालाला नाक पुसून त्यांनी आधी दुसरंच काहीतरी गायलं. त्या दुसरं काही गातील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रेडिओवर त्यांना तेवढंच येत होतं ना. मी खांबामागं मुलीला झुलवत बसले आणि बाईंवरही चिडले. बरंच गाऊन झाल्यावर टोपीवाल्या गृहस्थांनी मंचाकडं वाकून काहीतरी विनंती केली, बाई हसल्या, मान हलवली, आणि सुरू केलं. ते. पहिल्या आवाजालाच माझ्या हाताला शेणाचा गारवा जाणवला.

मी हलले नाही. मांडीवरची मुलगी झोपली होती. खांबाला टेकून डोळे मिटले, म्हटलं नाही दिसत तर नाही दिसत, कान तर आहेत. संथ चाललं होतं, ओसरीचा तोच कोपरा गुळगुळीत होत होता. तबला जागा झाला. आवाज एक पायरी चढला, दुसरी चढला. आता ती जागा येणार जिथं कांद्याचा भाव असतो. आणि बरोबर तिथं ती मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. जोरात नाही, कुरकुर. पुढच्या ओळी वळल्या. जरीच्या बाईंनी मान मागं केली, माझ्याकडं बघितलं आणि बोटानं दाराकडं खूण केली. तिला बाहेर घेऊन जा.

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ भांडले. रेशनच्या दुकानात, एसटीच्या खिडकीवर, सासरच्या वाटण्यांत. पण तेव्हाचा तो राग वेगळा होता. तो शांत होता. मी उठले. सगळ्यांना वाटलं ही निघाली बाहेर, आणि बायकांनी पाय आखडून वाट दिली. मी त्या वाटेनं पुढं गेले. जरीच्या बाईंची मंडळी अजून आली नव्हती. दोन पिशव्या, शाल आणि छत्री गाणं ऐकत बसली होती. मी त्यांची नात त्यांच्या मांडीवर ठेवली, छत्री उचलून बाजूला केली आणि तिथं बसले.

"अगं, अगं, हे काय?" बाई म्हणाल्या.

"मी गाणं ऐकायला आलेय," मी म्हणाले. मला ते हळू म्हणायचं होतं. पण नेमका तेव्हाच तबला थांबला होता, गाणाऱ्या बाई श्वास घेत होत्या, आणि उत्रोलीच्या पोरीचा म्हशीला हाका मारून कमावलेला आवाज सगळ्या अंगणात गेला. टोपीवाल्यांनी डोळे उघडले. रेडिओवरच्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी कौतुकानं पाहिलं असं मला लिहायला आवडलं असतं. त्या वैतागल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं.

त्याच वेळी दाराशी आप्पा दिसले. दळण घेऊन पोरगी आली नाही म्हणून मोटरसायकल काढून गिरणीत गेलेले, गिरणीवाल्यानं देवळाकडं बोट केलेलं. चपला हातात, कपाळाला आठ्या. त्यांनी मला पाहिलं आणि खुणेनं बोलावलं. कान पिळायला माणूस इथंही आला. मी मान हलवली. नाही. ते दोरीच्या कडेनं पुढं यायला लागले, आता सगळ्यांसमोर दंडाला धरून उठवणार, एवढ्यात बिल्लेवाले कार्यकर्ते धावले. "या, या पाटील, असे मागे का? पुढे या." आम्ही पाटील नाही. पण पांढरा सदरा आणि आठ्या बघून त्यांना तसं वाटलं असावं. त्यांनी आप्पांना सगळ्यांत पुढं नेलं, खुर्ची मांडली, चहा दिला. संपलेला चहा. आप्पांना गाण्याशी कर्तव्य नव्हतं, कुणाबरोबर आले नव्हते, उशिरा आले होते, आणि त्यांना पाठीची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीचा मला आजही राग येतो. पण चारचौघांत मान दिल्यावर उठून जाणं आप्पांना सात जन्मांत जमलं नसतं. ते मंचासमोर कप धरून ताठ बसले. आणि अडकले. त्यामुळं मला ते गाणं शेवटपर्यंत मिळालं.

तो शेवट मी ओसरीवर मनात किती तरी वेळा रचला होता. माझ्या शेवटात बाई वर, आणखी वर जायच्या आणि टाळ्या पडायच्या. खऱ्या गाण्यात त्या वर गेल्या, भरभर गेल्या, अंगणातली माणसं पुढं झुकली, आणि मग शिडीवरून कुणी हळूच उतरावं तशा उतरून त्या पहिल्या संथ ओळीवर परत आल्या. तीच ओळ, पहिल्यासारखीच. एकदा म्हटली आणि थांबल्या. मला क्षणभर वाटलं फसवलं. एवढ्यासाठी? मग लोक उठायला लागले तरी मला उठवेना.

परतताना आप्पांसोबत गिरणीतून डबा आणि सायकल घेतली. मी सायकलवर पुढं, ते मागनं मोटरसायकल ढकलल्यासारखी चालवत. घरी आल्यावर एकच म्हणाले, "पोरगी समद्या गावाम्होरं वरडली." आईनं डबा उघडला, पीठ बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "भरड हाय." मग मला ऐकवलं ते इथं लिहीत नाही. वेल्ह्याकडचे काही शब्द छापायच्या कामाचे नाहीत. मीही उलट बोलले. दळणाला चालते, गाण्याला चालत नाही, असं सगळं बोलले. आप्पा उठून गोठ्यात गेले.

संध्याकाळी चुलीपाशी आम्ही दोघीच होतो, एकमेकींशी अबोला धरून. आई उकड मळत होती. जाळाकडं बघतच म्हणाली, "मंग? म्होरं काय व्हतं त्यात?"

"कशात?"

"त्या गान्यात. भाव लागायच्या टायमाला तुटतंय ते."

"तू ऐकायचीस?"

"कान न्हाईत व्हय मला? रोज हितंच तर बसलेली असती. तुझ्या बापानं खटका फिरवला का माझी भाकर तिथंच ऱ्हाती हातात." मग म्हणाली, "दळण काल आणलंवतं तू. म्या पिठाचा डबा उचलून बघितलावता."

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून तिनं जाऊ दिलं होतं, आणि माहीत असून शिव्या घातल्या होत्या. मला पुन्हा राग आला, आणि या वेळी तो कुणावर होता ते कळेना. म्हणाले, "मग एकदा तरी बोलायचंस आप्पांना."

"तू बोललीस, काय झालं?"

मी तिला गाऊन दाखवायला लागले. माझा आवाज म्हशीपुरताच आहे, ते मी वर सांगितलंच. पायऱ्या चढताना फाटला, तरी चढले, आणि शेवटी त्या पहिल्या ओळीवर उतरून थांबले. तव्यावरची भाकरी करपली. आईनं चुलीतला जाळ मागं ओढला. मग म्हणाली, "परत पयल्यालाच येतंय व्हय." आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

पुढच्या वर्षी उत्सवाच्या सकाळी आईनं अंधारातच भाकरी उरकल्या, माहेराहून आणलेली काळी घोंगडी काखेत मारली आणि उंबऱ्यात उभी राहिली. आप्पा म्हणाले, "कुठं निघाली?"

"पोरीबरबर."

आप्पा माझ्याकडं वळले. "आन तू?"

"आईबरोबर."

त्यावर त्यांना विनोद सुचला नाही. आम्ही देवळात पोचलो तेव्हा सतरंज्या नुकत्या पडल्या होत्या. आईनं मंचासमोर घोंगडी झटकून सगळीच्या सगळी पसरली. थोड्या वेळानं जरीकाठाच्या बाई आल्या, त्यांनी मला ओळखलं असावं, म्हणून आईकडं वळून गोड आवाजात म्हणाल्या, "दोघीच आहात ना? जरा मागे सरकता?"

"न्हाई जमायचं, बाई," आई म्हणाली. "आमची मानसं यायचीत."

"किती जण?"

"लई हायेत."

बाई मागच्या ओळीत गेल्या. मी आईच्या कानाशी लागून विचारलं, "कोण यायचंय गं?"

"कोन न्हाई," आई म्हणाली. "पाय पसर."